कंसातलं ‘थांबले’

१ फेब्रुवारी, रविवार

आज अण्णांनी मला काम दिलं.

प्रवचन संपल्यावर सत्संगाच्या सचिवांनी काड्यापेटीएवढा रेकॉर्डर माझ्या हातात ठेवला. दर रविवारचं बोलणं त्यात असतं. ते ऐकायचं, जसंच्या तसं उतरवायचं, पुढे त्याचं पुस्तक होईल. मी अण्णांकडे पाहिलं. ते म्हणाले, ‘‘ऐकलेलं लगेच लिहावं. उशीर झाला की मन त्यात आपलं मिसळतं.’’

म्हणून ही वहीही आजच सुरू करते आहे. उतरवायचं ते अण्णांचं, आणि माझं जे असेल ते इथे. दोन्हींची सरमिसळ नको.

अण्णा चाळीस वर्षं घड्याळजी होते. अजूनही बोलता बोलता अंगठा आणि तर्जनी जुळवून हवेतच किल्ली फिरवतात. चपलांच्या दुकानावरच्या हॉलमध्ये दोनशे माणसं त्यांना ऐकायला येतात, आणि ते सांगतात एवढंच की नाम म्हणजे किल्ली. रोज द्यायची, ठरल्या वेळी द्यायची, जास्त पिळायची नाही. दोन वर्षांपूर्वी मी शेवटच्या वर्षाला नापास झाले तेव्हा काय बोलावं ते घरात कुणालाच कळेना, कारण नापास व्हायलासुद्धा आमच्यात आधी कुणी तिथवर पोचलं नव्हतं. अण्णांनी विचारलं, ‘‘थांबलंय ना? मोडलं नाही ना? मग किल्ली दे.’’ त्या दिवसापासून सकाळी सहाला नामाला बसते. पुढे पास झाले, घरातली पहिली पदवीधर झाले. पण खरं मिळालं ते सहा वाजताचं.

४ फेब्रुवारी, बुधवार

एका तासाच्या बोलण्याला पाच तास लागतात. चार शब्द ऐकायचे, थांबवायचं, टाइप करायचं, मागे जायचं.

अण्णा मध्येच थांबतात. आधी वाटलं यंत्रच बंद पडलं. पण हॉलमधल्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, म्हणजे चालू होतं. तिथे मी कंसात लिहिते: (थांबले). रविवारच्या बोलण्यात चौदा वेळा. सर्वांत मोठं थांबणं एक्केचाळीस सेकंदांचं, त्यात अगदी बारीक पुटपुटणं, बहुतेक नामच. दोनशे माणसांसमोर इतका वेळ गप्प बसायचं म्हणजे केवढी स्थिरता हवी! मला वर्गात उत्तर आठवेना तर तीन सेकंदांत घाम फुटायचा.

आई येऊन म्हणाली, ‘‘कानाला बुचं लावून बसलीस, तिकडे दूध गेलं उतू. ग्रॅज्युएट बाईंना दूध ऐकू येईना!’’ मग मलाच बादली उचलायला लावली. हल्ली जड काही स्वतः उचलत नाही. खाली दुकानात बाबा तिचा ब्लाउज मशीनवर घेऊन बसले होते. डाव्या काखेतली शिवण उसवून सैल करत होते, महिन्याभरात दुसऱ्यांदा. ‘‘वय झालं की माणूस रुंद होतं,’’ आई म्हणाली. बाबांच्या दातांत टाचणी होती.

८ फेब्रुवारी, रविवार

अण्णांनी मनोऱ्यावरच्या घड्याळाची गोष्ट सांगितली. कमरेला दोर बांधून ते वर चढले होते आणि काटा पुसायला गेल्यावर कबुतराने टोपी उडवली, ती. सगळे हसले. दहा मिनिटांनी तीच गोष्ट पुन्हा सांगितली, त्याच शब्दांत. शेजारच्या बाई डोळे टिपत मला म्हणाल्या, ‘‘एकदा कानांसाठी, एकदा काळजासाठी.’’ किती खरं.

आज त्यांचा स्वेटर उलटा होता, शिवणी बाहेर. ज्याला देहाचंच भान नाही त्याला स्वेटरचं काय! ताई, म्हणजे अण्णांची मुलगी, तो सुलटा करायला पुढे झाल्या, पण सचिवांनी डोळ्यांनीच त्यांना अडवलं. ताई दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. त्या कधी समोर बसत नाहीत. घरात गंगा वाहते आणि त्या कोरड्याच, असं मला वाटून गेलं. वाटलं ते लिहिते आहे.

निघताना अण्णांनी मला त्यांच्या थोरल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. ती वारून तीस वर्षं झाली म्हणे. मला भरून आलं. म्हणजे मी त्यांना इतकी जवळची.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सचिवांनी माझी पानं परत दिली, लाल खुणांनी भरलेली.

‘‘हे काय, बाळ? थांबले, थांबले, थांबले! हे प्रवचन आहे की बसचा प्रवास?’’

‘‘पण ते थांबले होते.’’

‘‘ते थांबले म्हणून अर्थ थांबतो का? दोन वर्षं ऐकतेस त्यांना. पुढचं तुला कळत नाही?’’

सचिव कोरडे नाहीत. बायको गेल्यावर सहा महिने ते अंथरुणातून उठत नव्हते. अण्णा रोज संध्याकाळी जाऊन त्यांच्या पायथ्याशी नुसते बसायचे. हे ते स्वतःच सांगतात, आणि सांगताना दर वेळी खिशातली पेनं चाचपतात.

आणि पुढचं मला कळतंच. ते एक्केचाळीस सेकंदांचं थांबणं घेतलं. अण्णा म्हणतात, ‘‘ज्याने घड्याळ घडवलं…’’ मग थांबणं, मग एकच शब्द, ‘‘किल्ली.’’ मी लिहिलं: ‘ज्याने घड्याळ घडवलं त्याला त्याची काळजी. आपण फक्त नामाची किल्ली द्यावी.’

लिहिताना हात जराही अडखळला नाही. हे माझं नव्हेच. अण्णाच माझ्या हातून बोलले.

सचिवांनी वाचलं, चष्मा काढून पुसला. ‘‘हे आधी पत्रकावर छापू.’’ जिना उतरताना वळून म्हणाले, ‘‘मूळ रेकॉर्डिंग पुसून टाक हं. उगाच जागा अडते.’’

उद्या पुसेन.

१५ फेब्रुवारी, रविवार

पत्रकं वाटली. दोनशेही पुरली नाहीत. वर मोठ्या अक्षरांत वाक्य, खाली अण्णांचं नाव. आणि आई आली होती! ‘तुझं ते टिकटिक पुराण’ म्हणून दोन वर्षं जिने हॉलची पायरी चढली नाही, ती आई. मागच्या रांगेत बसली, पत्रक दोन्ही हातांत धरून.

घरी येऊन तिने ते ओट्यावरच्या कपाटाच्या दारावर चिकटवलं. ‘‘हे माझ्यासाठीच म्हटलंय बघ,’’ म्हणाली. आवाज इतका हलका कितीतरी दिवसांनी ऐकला. ते वाक्य माझं आहे, हे मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो अहंकार झाला असता.

१८ फेब्रुवारी, बुधवार

बाबांनी खाली दुकानात बोलावलं. बाबा कधी बोलावत नाहीत. मापाच्या वहीतून घडी केलेला कागद काढला. ‘‘हे वाच. मला अर्धंच कळतं.’’

हॉस्पिटलचा कागद. आईचं नाव. डाव्या स्तनात गाठ, तपासणीत कर्करोग. शस्त्रक्रिया ३ मार्च, सकाळी नऊ.

‘‘तुला सांगू नको म्हणाली. पोरीचं आता कुठे बरं चाललंय, म्हणाली. तारखेला कबूल झाली होती. आणि सोमवारी फोन करून नको म्हणून सांगून टाकलं.’’

‘‘का?’’

‘‘कपाटावर चिकटवलंय ना, ते.’’

मशीनवरची दोऱ्याची रिळं मला एकामागून एक दिसायला लागली, पांढरं, काळं, निळं, पांढरं. बाबा म्हणाले, ‘‘मी माप घेणारा माणूस. शिवण बोलते. मला आधीच कळलं होतं. पण सैल करून देत बसलो.’’

त्या वेळी मी वर बसून सेकंद मोजत होते.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

‘‘तू काय डॉक्टर आहेस?’’ आई म्हणाली.

‘‘डॉक्टरांनीच लिहिलंय, आई.’’

‘‘ते कापाच म्हणणार. न्हाव्याला विचारलं तर केस वाढलेत असंच सांगेल तो.’’

‘‘थांबायला वेळ नाहीये. गाठ वाढते आहे.’’

तिने पोळपाट खाली ठेवला. ‘‘महिनाभर छातीवर धोंडा होता माझ्या. झोप नाही, घास उतरत नाही. तुझ्या अण्णांनी एका वाक्यात उतरवला. ज्याने घड्याळ घडवलं त्याला त्याची काळजी.’’ सगळं म्हणून दाखवलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

मी आजवर तिला काहीही सांगितलं की ती म्हणते, शिंगं फुटली हिला. माझं एकच वाक्य तिने आयुष्यात पाळलं, आणि ते हे.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सांगून टाकलं. ‘‘ते वाक्य अण्णांचं नाही. मी लिहिलंय.’’

आई हसली. ‘‘तू? तुला वाण्याची यादी धड लिहिता येत नाही.’’

मी कॉम्प्युटर आणून पानं दाखवली. आधीचं पान कंसाचं, नंतरचं वाक्याचं. ती बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर जे उजळलं ते मी विसरणार नाही.

‘‘म्हणजे अण्णा तुझ्या हातून बोलले! माझ्याच पोरीच्या हातून. अगं, याहून मोठी खूण कोणती पाहिजे?’’

वही उघडून दहा तारीख काढली. माझंच वाक्य आहे.

आज सहाला बसले. मणी ओढत होते, पण नाम आत जाईना. दहा दिवस राहिलेत.

२२ फेब्रुवारी, रविवार

अण्णा वीस मिनिटंच बोलले. सचिव मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, ‘‘पुढच्या रविवारचं तूच आधी लिहून दे. मोठ्या अक्षरांत. अण्णा वाचतील.’’

‘‘मी सगळंच लिहू?’’

‘‘नाहीतर काय सांगू दोनशे जणांना? घरी जा म्हणू?’’ त्यांचा आवाज फाटला. ‘‘मला स्वतःला तरी कुठे जायचं माहीत आहे?’’

घरी येऊन टाइप केलं: ‘दुखणं वैद्याकडे न्यावं, हीदेखील भक्तीच.’ चांगलं वाक्य आहे. अण्णांच्या नावाखाली छापलं तर आई तासाभरात हॉस्पिटलला फोन करेल. खोट्याने गेलेली खोट्याने परत येईल, त्यात कुणाचं काय बिघडलं?

पुसलं. पुन्हा लिहिलं. फाइल उघडीच आहे. आईच्या जिवापेक्षा माझं खरं बोलणं मोठं का? आणि एकदा याची सवय लागली, तर अण्णांचं असं काय उरेल?

२४ फेब्रुवारी, मंगळवार

अण्णांच्या घरी गेले. ताईंनी दार उघडलं. त्यांच्या हातात ओला टॉवेल होता. ‘‘आज बरे आहेत,’’ एवढंच म्हणाल्या.

अण्णा खिडकीजवळ टेबलाशी, डोळ्याला भिंग लावून. समोर एक घड्याळ पोटातून उघडलेलं. मी पत्रक पुढे ठेवलं. त्यांनी भिंगातूनच वाचलं.

‘‘कुणाचं हे?’’

‘‘तुमचं म्हणून छापलंय. लिहिलं मी.’’

त्यांनी भिंग काढलं. इतकी स्वच्छ नजर मी कितीतरी रविवारांत पाहिली नव्हती. ‘‘ज्याने घड्याळ घडवलं त्याला काळजी? तो यायचा का दुकानात दुरुस्त करायला? मग मी काय चाळीस वर्षं माशा मारत बसलो होतो?’’

मी रडायला लागले. आईचं सगळं सांगितलं. ते ऐकत होते. म्हणाले, ‘‘किल्ली देऊन चाक बसत नाही गं. बिघडलेल्याला किल्ली पिळली तर तुटतं ते. किल्ली चालत्याला. बिघडलेलं खोलावं लागतं. खोलणाऱ्याचा हात थरथरू नये, म्हणून आपण बाहेर बसून नाम घ्यायचं.’’

हेच ते! आईला हेच हवं होतं. मी खिशात हात घातला. रेकॉर्डर घरी राहिला होता.

मी निघताना त्यांनी विचारलं, ‘‘तुमचं घड्याळ कोणतं? पावती आणलीत का?’’

संध्याकाळी आईला सगळं शब्दशः सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं.

‘‘हे मात्र तुझं वाटतं,’’ म्हणाली.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

फाइलमधलं ते भक्तीचं वाक्य सकाळी पुसलं. मूळ रेकॉर्डिंग पुसलं नव्हतं. माझ्याकडे जे खरं होतं ते तेवढंच.

आईला पलंगाच्या कडेला बसवलं, हेडफोन लावले. ती पाठ ताठ करून, डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून बसली. मी आवाज पूर्ण वाढवला. इतका मी कधीच वाढवला नव्हता. मला बाहेरूनसुद्धा ऐकू येत होतं.

‘‘ज्याने घड्याळ घडवलं…’’

टिकटिक. मग ते पुटपुटणं, ज्याला मी नाम समजले होते.

‘‘…ते… काय ते… कुठंय मी… अगं, इथे कुठे आणलंस…’’

ताईंचा आवाज, अगदी खालचा; त्या पुढे आलेल्या मला दिसल्याच नव्हत्या, मी डोळे मिटून बसले होते. ‘‘अण्णा, मी आहे. हे घ्या पाणी. किल्लीचं सांगत होतात.’’

‘‘किल्ली.’’

आईने डोळे उघडले. ‘‘परत लाव.’’

परत लावलं. तिसऱ्यांदा तिने स्वतःच बटण दाबलं. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

‘‘हा माणूस घाबरलाय,’’ ती म्हणाली. ‘‘तुझ्या आजीचं असंच सुरू झालं होतं. चमचा हातात धरून विचारायच्या, हे काय असतं गं? आणि आम्ही हसायचो. वाटायचं, गंमत करताहेत.’’ ती माझ्याकडे वळली. ‘‘दोनशे माणसं होती ना तिथे? एकालाही कळू नये? आणि तू? चौदा वेळा लिहिलंस, आणि एकदाही त्याच्याकडे बघितलं नाहीस?’’

मी तिच्या मांडीवरचे हेडफोन उचलून त्यांची वायर गुंडाळायला लागले.

‘‘डॉक्टरला दाखवलं का त्याला?’’

‘‘नाही. सचिव म्हणतात, लोकांचा विश्वास जाईल.’’

‘‘असल्या विश्वासाला काय जाळायचंय? माणूस हातचा जायची वेळ आली.’’

मी म्हटलं, ‘‘आई, तूही.’’

ती पदराशी चाळा करत बसली. कपाटाकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. खाली बाबांची मशीन चालू होती, तीही मध्येच बंद झाली.

‘‘मी काय घाबरले नाहीये का?’’ ती म्हणाली. ‘‘आधी त्याचं बघू.’’

१ मार्च, रविवार

प्रवचनाआधी आई थेट हॉलच्या दाराशी गेली, जिथे ताई उभ्या असतात तिथे. दोघी काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. ताई आईच्या खांद्यावर डोकं टेकून रडल्या, उजव्या खांद्यावर. आईनेच तो पुढे केला. ताई कोरड्या, असं मी याच वहीत लिहिलंय.

सचिव धावत आले. ‘‘हे इथे नको. लोक बघताहेत.’’

‘‘बघू देत की,’’ आई म्हणाली. ‘‘भाऊ, तुम्ही अंथरुणात पडला होतात तेव्हा हा माणूस तुमच्या पायथ्याशी बसला. आता तो पडलाय, आणि तुम्ही त्याला खुर्चीत बसवताय.’’

सचिव खिशातली पेनं चाचपत राहिले. मग शेजारच्या खुर्चीत खाली बसले.

मग मी समोर गेले. दोनशे चेहरे. मी सांगितलं की पत्रकावरचं वाक्य अण्णांचं नाही, माझं आहे, ते चुकीचं आहे, पत्रक परत द्या, आणि कुणी त्याच्यामुळे औषध टाळलं असेल तर आजच्या आज डॉक्टरकडे जा. त्यानंतर जे झालं त्याला शांतता म्हणता येणार नाही. एक गृहस्थ म्हणाले, गुरुद्रोह. शेजारच्या बाईंनी पत्रक छातीशी धरलं. ‘‘मी नाही देणार. मला लागू पडलंय.’’ एकतीस पत्रकं परत आली. बाकीची कुणाकुणाच्या कपाटांवर आहेत, कोण जाणे.

अण्णा पहिल्या रांगेत ताईंचा हात धरून बसले होते. सगळे गेल्यावर मला म्हणाले, ‘‘छान बोलतेस. कुणाची गं तू?’’

घरी आई म्हणाली, ‘‘मंगळवारी आम्ही दोघं एकदम जाऊ. तो त्याच्या डॉक्टरकडे, मी माझ्या. म्हणजे त्याचंही टळणार नाही आणि माझंही.’’

‘‘पण तुझी तारीख तू रद्द केलीस!’’

बाबांनी मान वर केली नाही. ‘‘मी दुसऱ्या दिवशी फोन करून धरून ठेवली होती.’’

‘‘तुम्ही सांगणार कधी होतात?’’

‘‘माप घेऊन ठेवावं,’’ बाबा म्हणाले. ‘‘कापड केव्हा येईल, सांगता येत नाही.’’

३ मार्च, मंगळवार

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसून लिहिते आहे. नऊ वाजून दहाला आईला आत नेलं. ट्रॉलीवरून म्हणाली, ‘‘दुधाकडे लक्ष दे.’’ दूध गॅसवर नाहीच आहे. सवयीने म्हणाली, की माझ्यासाठी, कळलं नाही.

बाबा समोरच्या बाकावर, हातात मापाची पट्टी. बरोबर का आणली विचारलं तर म्हणाले, हाताला काहीतरी हवं.

सव्वानऊला ताई अण्णांना घेऊन आल्या. त्यांचा नंबर अकराचा आहे. स्वेटर सुलटा होता. अण्णा माझ्या शेजारी बसले. मनगटावरचं घड्याळ कानाला लावून ऐकलं, थोडी किल्ली दिली, पिळली नाही.

‘‘कोण आहे आत?’’

‘‘माझी आई.’’

त्यांनी बंद दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझा हात त्यांच्या दोन्ही हातांत घेतला. त्यांचे हात थंड होते.

‘‘काळजी…’’ ते म्हणाले.

(थांबले.)

पुढचं मला सुचत होतं. दोन-तीन वाक्यं सुचत होती, सगळी चांगली. एकही लिहीत नाही. हात तसाच त्यांच्या हातांत आहे, डाव्या हाताने हे लिहिते आहे, अक्षर वाकडं येतंय. त्यांच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते आहे. तिच्याबरोबर नाम सुरू झालंय, त्यांचं की माझं, कळत नाही.

दार अजून उघडलं नाही.